रात्री समुद्रावरून छोटं विमान: इंजिनाआधी क्षितिजाची काळजी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे उड्डाणाचे ९५ तास झालेत, त्यातले १२ रात्रीचे. रात्री उडायची परवानगी आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडायची पात्रता) नाही. किनाऱ्यापासून ४० नॉटिकल मैलांवरच्या बेटावर चार आसनी, एका इंजिनाच्या विमानानं रात्री जायचा विचार आहे, सोबत दोघं असतील. हवा स्वच्छ असेल तर दिवसा जाण्यात आणि रात्री जाण्यात एवढा काय फरक? इंजिन बंद पडायचा धोका तर दोन्ही वेळा सारखाच."

तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. खाली पाणी आहे की शेत, बाहेर ऊन आहे की अंधार, इंजिनाला यातलं काही कळत नाही. (किनारा मागे पडला की इंजिनाचा आवाज बिघडल्यासारखा वाटतो, आणि पलीकडचा किनारा दिसला की आपोआप सुधारतो. वैमानिक त्याला थट्टेनं 'ऑटोमॅटिक रफ' म्हणतात. तो आजार इंजिनाचा नसतो, आपल्या कानाचा असतो.) इंजिनाबद्दल पुढे बोलूच. पण तुमचं पत्र वाचून मला जी काळजी वाटली, ती इंजिन उत्तम चालू असतानाची आहे.

दिवसा तुम्ही पंख सरळ ठेवता ते कशाच्या आधारावर? बाहेर क्षितिजाची रेघ असते. तिच्याकडे तुम्ही मुद्दाम बघतसुद्धा नाही. ती डोळ्याच्या कोपऱ्यात असते आणि हात आपोआप दुरुस्ती करत राहतात. जमिनीवर रात्रीसुद्धा गावं, रस्ते, वाहनं यांच्या दिव्यांमुळे त्या रेघेची काहीतरी खूण उरते. पाण्यावर अमावास्येच्या आसपास गेलात तर वर काळं, खाली काळं, मधली शिवण गायब. हवामानाच्या अहवालात दृश्यमानता १० किलोमीटर लिहिलेली असेल, ढग नसतील, कायद्यानं सगळं ठीक असेल. पण बघण्यासारखं काही नसेल तर १० किलोमीटरपर्यंत बघता येतं या गोष्टीला काय अर्थ आहे?

माझे तेव्हा जेमतेम दोनशे तास झाले असतील. किनारा सोडून पंधरा-एक मिनिटं झाली होती, चंद्र उगवायला अवकाश होता. मांडीवरच्या पाटीवरची पेन्सिल घसरून खाली पडली. मी वाकलो आणि सीटच्या रुळाजवळ हातानं चाचपत राहिलो. फार तर पंधरा-वीस सेकंद. मान वर केली तेव्हा विमान सरळ चाललंय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एवढंच जाणवलं की वाऱ्याचा आवाज वाढलाय. त्या विमानाच्या दाराच्या फटीतून कायम एक बारीक शिट्टी यायची, ती वरच्या पट्टीत गेली होती. वेगाचा काटा १०५ नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी नॉटिकल मैल) १३० वर. ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे पॅनेलवरचं कृत्रिम क्षितिज, दाखवत होतं की विमान ३० अंश डावीकडे कललंय आणि नाक खाली आहे. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? 'हे यंत्र बिघडलं.'

त्याच्या शेजारचा टर्न कोऑर्डिनेटरही डावं वळण दाखवत होता, दिशादर्शक फिरत होता, उंची उतरत होती. चार-चार साक्षीदार एकाच वेळी खोटं बोलत नसतात, एवढी अक्कल सुदैवानं शाबूत होती. पॉवर कमी केली, पंख सरळ केले, मग हळूच नाक उचललं. आणि पंख सरळ होताक्षणी सगळं शरीर सांगू लागलं की आता आपण उजवीकडे पडतोय. पुढची पाच मिनिटं मी डावीकडे मान वाकडी करून बसलो होतो. वेड्यासारखं दिसत असेल, पण तेव्हा तेच सरळ वाटत होतं.

हे का होतं ते समजून घ्या, कारण 'मला नाही तसं होणार' हा विचार त्यानंतरच डोक्यातून जातो. कानाच्या आतल्या भागात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, त्यातले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला 'फिरतोय' असा निरोप जातो. पण वळण अगदी सावकाश सुरू झालं, तर निरोप जातच नाही. वळण सुरू झाल्याचं कळलं तरी ते एकसारखं चालू राहिलं की दहा-वीस सेकंदांत द्रव नळीच्या वेगानं फिरू लागतो, आणि मेंदूला वाटतं, थांबलो. आता खरोखर थांबलात तर द्रव पुढे सरकतो आणि उलट्या दिशेनं फिरल्याचा भास होतो. माझी मान वाकडी झाली ती यामुळे. अनुभवानं हे जात नाही. वीस हजार तासांच्या वैमानिकाचा कानही तुमच्या-माझ्या कानासारखाच असतो. त्याचं वेगळेपण इतकंच, की तो कानाचं ऐकायचं नाही हे शिकलेला असतो.

नव्या विद्यार्थ्याला मी हे भर दिवसा दाखवतो. डोळे मिटायला सांगतो, एका हलक्या डाव्या वळणात हळूहळू शिरतो आणि विचारतो, "काय करतोय आपण?" उत्तर येतं, "सरळ चाललोय." मग पंख सरळ करतो. "आता?" "उजवीकडे वळतोय." डोळे उघडल्यावरचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुमच्या प्रशिक्षकानं हे दाखवलं नसेल तर पुढच्या फेरीत मागून घ्या.

यातून जी घसरण सुरू होते तिला वैमानिकांच्या भाषेत 'ग्रेव्हयार्ड स्पायरल' म्हणतात. विमान नकळत कलतं, कललं की नाक खाली जातं, वेग वाढतो, उंची कमी होते. वैमानिकाला उंची कमी होताना दिसते, पण कललोय हे जाणवत नाही. तो योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, मागे ओढतो. पंख कललेले असताना मागे ओढलं की वळण आणखी आवळतं. शरीर सीटमध्ये दाबलं जातं, म्हणून नाक वर येतंय असं वाटतं. प्रत्यक्षात चक्कर लहान आणि उतार तीव्र होत जातो. म्हणून क्रम पक्का हवा: पॉवर कमी, पंख सरळ, मग नाक वर. आधी ओढायचं नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं १९५४ मध्ये एक प्रयोग केला होता. यंत्रांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणार नाही अशा स्थितीत विमान हाताळायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. पहिल्याचा २० सेकंदांत, सगळ्यात चिवटाचा ४८० सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद. त्यातले १९ जण याच स्पायरलमध्ये गेले. तुमच्या बेटाचा प्रवास २०-२२ मिनिटांचा आहे.

या विषयात १६ जुलै १९९९ ची रात्र टाळता येत नाही. जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. पायपर साराटोगा विमान, एक इंजिन, सुस्थितीत. सुमारे ३१० तासांचा अनुभव, त्यातले ५५ रात्रीचे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. पाहा, हे तुमच्या तिपटीहून जास्त आहे. किनाऱ्याचे दिवे सोडून ते सुमारे ३० मैलांच्या मोकळ्या पाण्यावर वळले, धुरकट हवेत उतरू लागले, आणि शेवटी विमान मिनिटाला ४,७०० फुटांपेक्षा जास्त वेगानं खाली जात होतं. तपास यंत्रणेनं कारण दिलं: रात्री पाण्यावरून उतरताना वैमानिकाचा ताबा सुटला, दिशाभ्रमामुळे. इंजिनात दोष सापडला नाही. त्या अहवालातली एक साक्ष मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. त्याच संध्याकाळी त्या भागातून गेलेल्या एका वैमानिकाला बेटाचे दिवे कुठेच दिसेनात, तेव्हा त्याला वाटलं की बेटावरची वीज गेली असावी. अधिकृत दृश्यमानता मात्र नियमात बसणारी होती.

तुम्ही म्हणाल, दिवे दिसले तर आधार मिळेल. कधी मिळतो, कधी उलटा फसवतो. मासेमारीच्या विखुरलेल्या होड्यांचे दिवे तारे वाटतात, मग आकाश जिथे नाही तिथे आहे असं वाटून माणूस विमान कलवतो. तिरक्या गेलेल्या किनाऱ्याच्या दिव्यांची ओळ क्षितिज वाटते. एकाच स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिलं तर काही सेकंदांत तो हलू लागतो. असा 'हलणारा' दिवा दुसरं विमान समजून त्याला चुकवायला निघालेले लोक आहेत. हलकं धुकं असेल तर तुमचाच स्ट्रोब, म्हणजे पंखावरचा लखलखणारा दिवा, धुक्यावर आपटून कॉकपिटमध्ये लखलखतो. तो तेवढ्यापुरता बंद करा.

डोळ्यांबद्दल दोन गोष्टी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोतात तो वाया जातो. लाल टॉर्च वापरलीत तर नकाशावरच्या लालसर रेघा दिसेनाशा होतात, हे घरीच तपासून बघा. शिवाय रात्रीच्या नजरेला प्राणवायूची कमतरता लवकर बाधते. ५,००० फुटांच्या वर रात्री ऑक्सिजन वापरा असा सल्ला दिला जातो तो याचसाठी. सिगारेट ओढणाऱ्यांनी हे जरा जास्त मनावर घ्यावं.

पाण्याकडे तोंड करून टेकऑफ करताना आणखी एक सापळा असतो. धावपट्टीचा शेवटचा दिवा पायाखालून गेला की समोर शाई. विमान वेग घेत असतं, आणि त्या प्रवेगामुळे कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, नाक फार वर गेलंय. माणूस नकळत योक पुढे ढकलतो. छोट्या विमानात हा भ्रम जेटपेक्षा सौम्य असतो, पण खाली २०० फूटच असतात. ऑगस्ट २००० मध्ये बहारीनजवळ गल्फ एअरचं एअरबस रात्री उतरणं सोडून पुन्हा वर जाताना समुद्रात गेलं, १४३ जण गेले. तपासात याच भ्रमाचा उल्लेख आहे. म्हणून पाण्याकडे टेकऑफ असेल तर चाकं जमिनीवरून सुटली की बाहेर बघूच नका. ॲटिट्यूड इंडिकेटरवर चढाईचा कोन धरा, उंची वाढतेय याची खात्री करा, ५०० फुटांपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

उतरताना सापळा उलट्या बाजूनं येतो. बेटाची धावपट्टी उजळलेली, अलीकडे काळं पाणी, मध्ये एकही दिवा नाही. याला 'ब्लॅक होल ॲप्रोच' म्हणतात. बोईंगमधल्या कॉनराड क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकात सिम्युलेटरवर दाखवून दिलं की अशा वेळी मुरलेले वैमानिकसुद्धा कमानीसारख्या मार्गानं खाली येतात आणि धावपट्टीच्या अलीकडेच टेकतात. त्यांना स्वतःला आपण अगदी योग्य उतारावर आहोत असं वाटत असतं. इलाज सोपा आहे: डोळ्यांवर सोडू नका. तीन अंशांच्या उतारासाठी दर मैलाला ३०० फूट. म्हणजे तीन मैलांवर असताना धावपट्टीपेक्षा साधारण ९०० फूट वर. धावपट्टीशेजारी 'पापी' (PAPI, उतार बरोबर आहे का ते दाखवणारे चार दिवे) असतील तर दोन पांढरे, दोन लाल. चारही लाल दिसले तर विचार करत बसायचं नाही, पॉवर द्यायची. आणि मध्येच दिवे विझल्यासारखे वाटले तर तुमच्या आणि त्यांच्यामध्ये काहीतरी आलंय असं समजा. तेव्हा वर.

बरं, यंत्रांवर विश्वास ठेवायचा म्हटलं तर यंत्र बिघडलं तर? १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट टेकऑफनंतर दोन मिनिटांच्या आत अरबी समुद्रात गेलं, २१३ जणांसह. कॅप्टनसमोरचा ॲटिट्यूड इंडिकेटर विमान सरळ झाल्यावरही उजवा कल दाखवत राहिला. त्यांनी तो 'दुरुस्त' करायला विमान डावीकडे कलवलं, कलवतच नेलं. बाहेर क्षितिज असतं तर एका नजरेत कळलं असतं. तुमच्या विमानात हे जास्त सावकाश होईल. जुन्या विमानांत ॲटिट्यूड इंडिकेटर व्हॅक्यूम पंपावर चालतो. पंप गेला की यंत्रातला भोवरा (जायरो) एकदम थांबत नाही, हळूहळू मंदावत एका बाजूला झोपतो, आणि तुम्ही इमानदारीनं त्याच्यामागे जाता. टर्न कोऑर्डिनेटर बहुधा विजेवर असतो, म्हणून तो वेगळी साक्ष देतो. दोघांचं जुळेना झालं तर व्हॅक्यूमचा गेज बघा, आणि खोटं बोलणारं यंत्र झाका. मी खिशात चिकट कागदाचे दोन तुकडे ठेवतो. हसू नका, बिघडलेलं यंत्र डोळ्यांसमोर असेल तर त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवत नाही.

आता इंजिन. हिशेब करू. सेसना १७२ सारखं विमान इंजिनाशिवाय दर हजार फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल घसरत जातं. ३,००० फुटांवरून साडेचार मैल. ४० मैलांच्या समुद्रात दोन्ही किनाऱ्यांचे मिळून नऊ मैल सुरक्षित, उरलेले ३१ मैल, म्हणजे ११० नॉटनं १७ मिनिटं, इंजिन गेलं तर पाण्यातच. ८,००० फुटांवरून तेच १६ मैल आणि जेमतेम नऊ मिनिटं. वारा धरला तर आकडे हलतील, पण उंचीसारखा स्वस्त विमा नाही. (वर ऑक्सिजनचं म्हटलं, ते इथे आडवं येतं, हे मला ठाऊक आहे. मी उंचीच घेतो, आणि प्राणवायूची छोटी बाटलीही.) समुद्रावरची हवा दमट असते, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायची शक्यता जास्त, अगदी बाहेर २० अंश तापमान असतानाही. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, काही कारण नसताना उतरू लागलं तर आधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा).

दिवसा पाण्यावर उतरणं वाटतं तेवढं प्राणघातक नसतं. पाण्यावर टेकण्यातून बहुतेक लोक वाचतात. जीव जातो तो नंतर, थंडीनं किंवा बुडून. रात्री हा पहिला टप्पाच बिघडतो. लाटांची दिशा दिसत नाही, पाणी किती खाली आहे ते लँडिंग लाइट सांगत नाही. शेवटच्या क्षणी नाक उचलायला जाल तर एकतर ४० फुटांवर उचलाल, नाहीतर उचलायचं राहूनच जाईल. म्हणून किमान वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली, नाक किंचित वर, आणि टेकेपर्यंत तोच कोन धरून राहायचं. चाकं बाहेर असलेलं विमान उलटं होऊ शकतं हे गृहीत धरा. दार टेकण्याआधीच उघडून फटीत बूट अडकवा, नाहीतर चौकट वाकली की ते उघडत नाही. एक हात दाराच्या कडेवर ठेवा आणि सगळं थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. उलट्या, पाण्यानं भरलेल्या, अंधाऱ्या केबिनमध्ये वर कुठे आणि बाहेर कुठे हे सांगणारा तेवढा एकच धागा असतो.

लाइफ जॅकेट मागच्या सीटखाली नको, अंगावर हवं, निघतानाच. आणि आत असताना फुगवायचं नाही. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं विमान समुद्रात उतरलं तेव्हा अनेकांनी जॅकेटं आतच फुगवली. पाणी भरल्यावर ते छताला चिकटून राहिले, दारापर्यंत बुडी मारता आली नाही. सोबतच्या दोघांना हे निघण्याआधी, जमिनीवर, जॅकेट घालून दाखवून सांगा.

विमानाचा ईएलटी, म्हणजे अपघातात आपोआप संकटसंदेश पाठवणारं यंत्र, विमानाबरोबर बुडतो आणि पाण्याखालून त्याचा संदेश पोचत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा छोटा वैयक्तिक बीकन (संकटसंदेश पाठवणारं यंत्र) मिळतो, तो स्वतःच्या अंगावर बांधा. बॅगेत ठेवलेला बीकन बॅगेबरोबर जातो. जॅकेटवर लुकलुकणारा दिवा असू द्या. रात्रीच्या समुद्रात माणसाचं डोकं म्हणजे नारळाएवढी काळी वस्तू, शोधणाऱ्याला डोक्यावरून जाऊनही दिसत नाही. थंड पाण्यासाठी बचाववाले एक-दहा-एक असं सांगतात: श्वास आवरायला एक मिनिट, हातांनी काही काम करता येईल अशी दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे बीकन सुरू करणं, जॅकेट आवळणं, दोघांना एकमेकांना बांधणं हे सगळं त्या दहा मिनिटांत. राफ्ट, म्हणजे फुगवायचा तराफा, असेल तर उत्तम.

आता तुमच्या फेरीबद्दल. आत्ताच्या तासांवर मी तुम्हाला जाऊ देणार नाही, निदान एकट्यानं वैमानिक म्हणून तर नाहीच. इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण सुरू करा, रेटिंग नंतर मिळो. प्रशिक्षकाबरोबर आधी दिवसा हुड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) घालून आणि मग रात्री किनाऱ्याजवळ, पाच-सात फेऱ्या. त्यात वेड्यावाकड्या स्थितीतून विमान सरळ करणं असू द्या, आणि १८० अंशांचं परतीचं वळण, सेकंदाला तीन अंशांनी, पुरतं एक मिनिट, फक्त यंत्रांवर. परत फिरायचा निर्णय बरोबर घेऊन त्या वळणातच ताबा सुटू शकतो, म्हणून हे वळण वेगळं घोटा. ऑटोपायलट असेल तर किनारा सोडायच्या आधी लावा, दिवे दिसेनासे झाल्यावर नाही. तापमान आणि दवबिंदू यांत तीनेक अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर समुद्रावर धुकं धरेल असं समजा. चंद्र कधी उगवतो ते हवामानाच्या अहवालाइतक्याच गंभीरपणे बघा. पौर्णिमेच्या आसपास आठ हजार फुटांवरून तोच समुद्र चांदीच्या पत्र्यासारखा दिसतो आणि क्षितिज जवळजवळ दिवसासारखं असतं.

तुम्ही पत्रात लिहिलंय की शुक्रवारी काम संपवून निघायचं, म्हणून रात्र. तारीख बघितली, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची आहे. शनिवारी पहाटे उजाडल्यावर निघालात तर नाश्त्याला पोचाल.